लायनसाहेब

हार्डवेअरच्या दुकानात अर्धा किलो खिळे तोलताना जास्तीचा एक खिळा चिमटीत धरून परत खोक्यात टाकणारा माणूस लायन्स क्लबच्या सभेत पन्नासाची नोट दंड म्हणून हसत हसत देतो, वर स्वतःच टाळ्या वाजवतो. गुन्हा काय, तर कोटाला पिन लावायची राहिली! तालुक्याच्या गावात या गृहस्थांना 'लायनसाहेब' म्हणतात.

दंड गोळा करणाऱ्या पदाधिकाऱ्याचं नाव टेल ट्विस्टर. काम सिंहांच्या शेपट्या पिरगाळायचं. एका सभेत एकाच सभासदाला दोनदाच दंड करता येतो, एवढी दया क्लबच्या घटनेत आहे. पण खुद्द टेल ट्विस्टरला दंड करायचा तर हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत लागतं. आमच्या गावात एकमत! तो गडी निर्धास्त असतो.

१९१७ साली ही संघटना उभी करणारे शिकागोचे मेल्विन जोन्स विम्याच्या धंद्यातले. हप्ता कसा वसूल करावा, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आंतरराष्ट्रीय वर्गणी डॉलरच्या हिशोबात, वर प्रांताची, तिच्यावर क्लबची. प्रांतपाल भेटीला आले की हार, शाल, स्मृतिचिन्ह आणि पनीरची भाजी वेगळी. रुपया घसरला की लोक पेट्रोलच्या नावानं बोटं मोडतात, लायनसाहेब वर्गणीच्या.

तरी नेत्रशिबिरात मात्र माणूस उजळतो. हेलन केलरनं १९२५ साली लायन्सना अंधांसाठी उभं राहायची हाक दिली, तेव्हापासून डोळे हे त्यांचं खास खातं. फोटो निघाल्यावर बाकीचे सिंह चहाकडे वळतात. लायनसाहेब डोळ्यांत थेंब घातलेल्या म्हातारीला हाताला धरून रिक्षापर्यंत नेतात आणि भाडंही देतात. अर्थात रिक्षावाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालून.

नावापुढे 'एम.जे.एफ.', म्हणजे 'मेल्विन जोन्स फेलो', लागावं म्हणून त्यांनी लायन्सच्या फाउंडेशनला १००० डॉलर दिले. ती अक्षरं दुकानाच्या पाटीवर दुकानाच्या नावापेक्षा मोठी झाली. वहिनी एवढंच म्हणाल्या, "अहो, एवढ्यात माझ्या मोत्याच्या कुड्या झाल्या असत्या."

"घालून जाणार कुठे होतीस?"

"तुमच्या पदग्रहणाला. दर जुलैत त्याच साडीत नेता ना मला!"