हीटर कोन लावते, राजेहो?

अमरावती-अकोला अपडाऊन करणाऱ्यांच्या गाडीत माणसांना नावं नसतात, खाती असतात. माझ्या गाडीत पुढं बँक बसते, मागं झेडपी आणि विद्यापीठ. पेट्रोल चौघांत, मतं ज्याची त्याची. त्यामुळे बडनेरा सुटताच एसीतून गोडसर वास यायला लागला, तेव्हा मूर्तिजापूरच्या आत तीन निदानं तयार होती. झेडपी म्हणाली, "गुयाचा वास हाय. कोनाच्या तरी डब्यात पुरनपोयी हाय आन् तो सांगून नाही राह्यला." बँकेला अत्तराची बाटली सांडल्याचा संशय आला. विद्यापीठानं काच खाली करून कुठं फवारणी चालू आहे का ते पाहिलं. एप्रिल महिना, शेतं नांगरून पडलेली. तरी पाहिलं.

पूर्वी अशा वेळी रस्त्याच्या नावानं बोटं मोडता यायची. पण 2022 च्या जूनमध्ये याच महामार्गावर एका लेनचं 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत सलग केलं, गिनीज बुकात नाव लागलं, आणि आमची ती सोय गेली. खड्ड्यानं पाइप सैल झाला म्हणावं, तर लोक गिनीजचा दाखला तोंडावर मारतात.

वास वाढत गेला. समोरच्या काचेला आतून चिकट थर धरू लागला. फडकं मारलं की नुसते फराटे, आणि रात्री समोरच्या दिव्यांत ते फराटे काचभर फुलायचे. बँकेच्या पायाखालची मॅट ओली. बँक पाण्याची बाटली सांडते, असं आमच्या घरून मत आलं. ते कोणी तरी बँकेच्या कानावर घातलं आणि बँक काही दिवस मागं जाऊन बसली.

शेवटी मिस्त्री गाठला. त्यानं आधी बोनेट उघडलंच नाही. खाली वाकून मॅट उचलली, ओल्या कार्पेटवर बोट दाबलं, अंगठ्यावर घासलं आणि उजेडात धरलं. बोटाला हिरवट, तुळतुळीत काही तरी लागलं होतं. "एसीचं पानी नोहे हे," तो म्हणाला. एसीची नळी तुंबली की पाणी इथंच उतरतं, पण ते साधं पाणी, त्याला ना वास ना चिकटपणा. झेडपीनं चव बघायला बोट पुढं केलं, तसा मिस्त्री खेकसला. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पक्कं विष. कुत्री गोड म्हणून चाटतात आणि किडन्या जाऊन मरतात. झेडपीनं ते बोट दिवसभर जपून वेगळं ठेवलं.

मग कळलं, डॅशबोर्डच्या पोटात हीटरचा एक छोटा रेडिएटर असतो. इंजिनातलं नव्वद अंशांच्या घरातलं कूलंट त्यातून फिरतं. आपण हीटर लावो न लावो, बऱ्याच गाड्यांत ते फिरतंच. आत एक झडप फक्त हवेची वाट बदलते. म्हणजे 2024 च्या मे महिन्यात उन्हापायी अकोल्यात कलम 144 लागलं होतं, पारा पंचेचाळीसच्या वर होता, प्रशासन सावलीत बसा म्हणत होतं, तेव्हा आम्ही चौघं कढत पाणी गुडघ्यांपुढं घेऊन एसी लावून जात होतो.

खात्री करायला मिस्त्रीनं इंजिन गार होऊ दिलं. गरम असताना झाकण काढणाऱ्याचं तोंड भाजतं, हे त्यानं कपाळावरचा डाग दाखवून सांगितलं. टाकीच्या तोंडाला हातपंप लावून सुमारे एक बारचा दाब दिला. सुई हळूहळू खाली यायला लागली. बोनेटखाली सगळं कोरडं. आत बँकेच्या जागेवर टप्प.

जुनं कूलंट काढलं तर तांबूस गाळ आणि पांढरे पापुद्रे निघाले. "बोअरचं पानी पाजलं हिले," मिस्त्री म्हणाला. गाडी सेकंडहँड, दर्यापूरकडची. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा असा तिन्ही जिल्ह्यांत पसरलाय. तिथलं पाणी माणसाच्या किडन्यांसाठी बदनाम, पिकाला नको, डाळ त्यात शिजत नाही. आणि कोणी तरी ते अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांना वर्षानुवर्षं पाजलं होतं. कूलंटमध्ये डिस्टिल्ड पाणीच घालायचं असतं. निम्मं-निम्मं मिश्रण उणे 37 पर्यंत गोठत नाही, हे ऐकून विद्यापीठानं विचारलं, "अकोल्यात उने 37 ची तयारी कायले?" मिस्त्री म्हणाला, "सर, उकयते बी उशिरा. आन् गंज धरत नाही."

आता उपाय. एक तर अख्खा डॅशबोर्ड खोलायचा. डॅशबोर्ड परत बसवल्यावर काही स्क्रू उरतात, ते कुठले हे ब्रह्मदेवालाही माहीत नसतं, आणि गाडी पुढं जन्मभर कुरकुरते. नाही तर हीटरकडं जाणारे दोन पाइप इंजिनाच्या बाजूनं काढून एकमेकांना जोडायचे. "हीटर कोन लावते, राजेहो, आपल्या इकडं?"

मला पटलं. आईला नाही. "डिसेंबरात चिखलदऱ्याले जानं झालं तं?" डिसेंबरात आमच्याकडचं कोणी चिखलदऱ्याला गेल्याचं ऐकिवात नाही, पण 'झालं तं' या मुद्द्याला वऱ्हाडात तोड नसते. मिस्त्रीच बोलला, "मावशी, शाल न्या." काचेवर दव आलं तर एसी लावा, तो हवा कोरडी करतो, हेही त्यानं सांगितलं. शाल मात्र आईच्या जिव्हारी लागली.

पाइप जोडले, नवे क्लॅम्प लावले, इंजिन चालू ठेवून टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. कार्पेट धुऊन गच्चीवर टाकलं, ते उन्हानं तासाभरात कडक झालं.

हिशेबाला बँक पुढं आली. हीटर बंद केला म्हणजे गाडीतली एक वस्तू कमी झाली, तेवढं मजुरीतून वळतं करा, असा तिचा रोखठोक मुद्दा. मिस्त्रीनं हात पुसत विचारलं, "साहेब, तुमच्या शाखेतला पंखा बंद असला तं हप्ता कमी घेता का?"