'स्कोप' सांगणारे सर

बारावीचा निकाल लागला की सदाशिव पेठेतल्या सरांच्या दोन खोल्यांबाहेर चपलांचा ढीग वाढतो. सर हयातभर कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेले. आता विज्ञानाच्या मुलांना वाट दाखवतात. वाट मुलांची, पण ती दाखवावी लागते आईबापांना.

सुरुवातीला वडीलच बोलतात. "नीटला आमचे थोडक्यात गेले हो." सर गंभीरपणे त्यांनाच विचारतात, "तुमचं फिजिक्स कच्चं दिसतंय?" वडील प्रामाणिकपणे मान डोलावतात. मुलगी तोवर पंखा बघत असते. शेवटी आई म्हणते, "तिला रिसर्च करायचंय," पण सूर असा, की डॉक्टरांना मुलीची जुनी ॲलर्जी सांगावी.

सर पाषाणची आयसर काढतात. पाच वर्षांचं बीएस-एमएस, प्रवेशाला आयएटी नावाची वेगळीच परीक्षा, शेजारी 1950 पासूनची एनसीएल ही रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. वडिलांच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. "स्कोप काय?" पुढे पीएचडीची आणखी पाच-सहा वर्षं म्हटल्यावर आई बोटांवर वय मोजू लागते. मग सर हुकमाचं पान टाकतात. नेट परीक्षेतून जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली, की पीएचडी करताना महिन्याला 37,000 रुपये, वर घरभाडं.

"शिकण्याचे? आपल्याला?" क्लासच्या फिया भरून वाकलेला तो माणूस खुर्चीत सरळ होतो. ते पैसे दर महिन्याला वेळेवर येतातच असं नाही, हे सर मुलीला जिन्यात गाठून सांगतात. मला विचाराल तर सरांची निम्मी फी या जिन्यातल्या बोलण्याचीच असावी.

रात्री साडेनऊनंतर आयटीतली पस्तिशीची मंडळी येतात, बहुधा घरी न सांगता. हिंजवडीत कोड लिहून जीव विटलेला. आता खगोलशास्त्र करायचंय. सर उपदेश करत नाहीत. विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला मिळते, तिथे जाऊन या म्हणतात. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या त्या तबकड्या पाहून माणूस भारावून परततो.

"सर, ठरलं! पण तिथली माणसं दिवसभर करतात काय?"

"आलेल्या डेटावर काम. म्हणजे बराच वेळ कोड लिहितात."

हिंजवडीकर जरा गप्प होतो. मग खुर्ची पुढे ओढून हळूच विचारतो, "पायथॉनमध्ये का?"