रघूला अडवलं, 'थाला'ला सोडलं!

ऐकलंत का? नाही? मग जरा जवळ सरका, ही गोष्ट मोठ्याने बोलायची नाही. आपल्या नागपुराला बाउन्सर लागले आहेत! लागले म्हणजे नादच लागला. एकेकाळी ही मंडळी पबच्या दारात असायची आणि सभ्य माणसं त्या फुटपाथवरून जाणंच टाळायची. आता मोबाइलच्या दुकानाचं उद्घाटन असलं तरी काळ्या टी-शर्टातले चौघे दाराशी. गरब्याच्या पासाला भोक पाडायला सहा. परवा एका लग्नात तर नवरीच्या मागे करवल्या दोन आणि बाउन्सर तीन! नवरी कोण पळवणार होतं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. नवरदेव मात्र वरमाला घालताना दोनदा परवानगी मागितल्यासारखा इकडे-तिकडे बघत होता.

आणि कॉलेजं! शिव शिव. ज्या गॅदरिंगला एक पी.टी.चे सर गळ्यात शिटी अडकवून अख्खा मंडप ताब्यात ठेवत, तिथे आता कानात वायर घातलेले पैलवान. आंतरमहाविद्यालयीन क्रिकेटच्या फायनलला प्रेक्षक म्हणजे काय असतात? राखीव खेळाडू, त्यांचे मित्र, मित्रांच्या मैत्रिणी आणि घरी जायला बस मिळाली नाही म्हणून बसलेली दोन पोरं. तेवढ्यांसाठीही दोरी बांधून 'व्हीआयपी' कोपरा आणि दोरीपाशी पहारा. "इकडून नाही, तिकडून जा बे." तिकडून गेलं की तिकडचा म्हणतो, "इकडून नाही." पोरगा स्वतःच्या कॉलेजच्या मैदानात, स्वतःच्या वर्गमित्राची बॅटिंग बघायला, गळ्यात स्वतःचं ओळखपत्र घालून उभा आणि ज्याला कॉलेजचं पूर्ण नावही माहीत नाही तो त्याला विचारतो, "तू कोण?"

पण हे झाले गल्लीतले प्रकार. या खुळाचं माहेर बघायचं तर वर्धा रोडने जामठ्याला जायला हवं. विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं ते स्टेडियम २००८ साली सुरू झालं. सौरव गांगुली तिथेच शेवटची कसोटी खेळला. सुमारे ४५ हजार माणसं मावतात, पण शहरापासून इतकं लांब की मेट्रोसुद्धा खापरीलाच हात टेकते. तिथून पुढे ऑटोवाल्याची मर्जी, नाहीतर आपले पाय. एवढं करून माणूस गेटपाशी पोचतो आणि मॅचच्या आधीची मॅच सुरू होते. अंगझडती!

पाण्याची बाटली काढा. पॉवर बँक काढा. छत्री, लायटर, अत्तर, पिशवी काढा. चिल्लर काढा! हो हो, चिल्लर. जामठाच कशाला, देशातल्या बहुतेक स्टेडियमच्या दारात नाणी शत्रुपक्षात जमा आहेत. दोनाच्या नाण्याला त्याच्या उभ्या आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नसेल. बाजारात ते दिलं तर दुकानदार तोंड वाकडं करून चॉकलेट हातावर ठेवतो आणि इथे त्याच नाण्याकडे हातबॉम्ब असल्यासारखं बघतात.

महिलांच्या रांगेतली चर्चा तर आणखीच खमंग. पडद्याआड पर्स उलटी होते, वर्षभर हरवलेल्या वस्तू एकदम सापडतात आणि त्यातली लिपस्टिक बाजूला निघते. "ताई, हे नाही चालत." "काऊन?" "फेकून माराल." "एवढ्या महागाची? अवो, नवऱ्यालाही नाही मारणार मी ही!" मागच्या दहा जणी हसतात, लिपस्टिक मात्र डब्यात जाते.

हेल्मेटाचं प्रकरण ऐकून तर हसावं की रडावं कळत नाही. हेल्मेट न घालता जामठ्यापर्यंत गेलात तर वाटेतला पोलीस पावती फाडणार. घालून गेलात तर गेटवरचा गार्ड ते आत नेऊ देणार नाही. गाडीला अडकवून ठेवलंत तर मॅच संपल्यावर ते तिथे असेलच, असं कोण म्हणतो? म्हणून कित्येक जण पहिली इनिंग भारताची चिंता करण्यात घालवतात आणि दुसरी हेल्मेटाची.

आणि सुपारी-तंबाखूचा खर्रा? आता खरं सांगा, खर्ऱ्याशिवाय नागपूरकराची मॅच कशी होणार? राज्यात त्यावर बंदी आहे, दातांच्या डॉक्टरांचा शाप आहे, गेटवर झडती आहे, तरी पन्नी आत जातेच. कोणी मोज्यात घालतो, कोणी टोपीच्या शिवणीत. एकाने म्हणे लेकराच्या डायपरात नेली. लेकराचा बाप खुश, माय तीन दिवस अबोल. जप्त झालेल्या पन्न्यांचं पुढे काय होतं, याबद्दल लोक काय काय बोलतात! आम्ही त्यात पडत नाही. दहाव्या षटकाला गेटवरच्या चारपैकी तिघांचे गाल फुगलेले होते, एवढंच एकाने सांगितलं. मनात काही आणू नका.

घरातली जुनी माणसं हे ऐकतात आणि कपाळाला हात लावतात. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या व्हीसीए मैदानावरचे दिवस त्यांनी पाहिलेत. ३१ ऑक्टोबर १९८७, विश्वचषक, समोर न्यूझीलंड. चेतन शर्माची हॅटट्रिक, विश्वचषकातली पहिलीच. मग गावसकरांनी अंगात ताप असताना ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या, त्यांचं एकदिवसीय सामन्यांतलं एकमेव शतक. तेव्हा लोक डबा घेऊन जात. पोळी-भाजी, लोणचं, खिशात संत्री, पाण्याची सुरई, कानाला ट्रान्झिस्टर आणि उन्हाचा त्रास नको म्हणून सासऱ्यांची काळी छत्री. आजच्या गेटवर यातला फक्त सासरा आत गेला असता, तोही पट्टा काढून.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसती आगच लावते. हा जाच काही हवेतून आलेला नाही. १३ मार्च १९९६ला ईडन गार्डन्सवर विश्वचषकाची उपांत्य फेरी चालली होती. भारताच्या आठ विकेट पडल्या, लोकांनी बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला देऊन टाकला. २०१५ साली कटकला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पुन्हा पाण्याच्या बाटल्यांचा पाऊस पडला. म्हणजे चार टवाळांनी बाटली फेकली आणि सबंध देशाने तहान सोसली. तपासणी नको, असं कोणीच म्हणत नाही. नाणं घ्या, बाटली घ्या. पण घेताना जी गुर्मी दाखवता, ती कुठल्या नियमात आहे?

नियमांचं म्हणाल तर तेही आहेत बरं का! खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५चा केंद्रीय कायदा आहे. त्याखालच्या नमुना नियमांत गार्डासाठी १०० तासांचं वर्गातलं आणि ६० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलंय. कमीत कमी वीस दिवस. त्यात काय शिकवायचं, त्याची यादी वाचून तर आम्हाला घेरीच आली. पहिल्यांदा काय येतं, माहितीय? चारचौघांत कसं वागावं आणि गणवेश नीट कसा घालावा! पुढे गर्दीचं नियंत्रण, ओळखपत्रं तपासणं, आग विझवणं, प्रथमोपचार. पुरुष गार्डाची किमान उंची १६० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या शेजारच्या जोशीकाकांएवढी. बेटकुळ्यांचा उल्लेख कुठेही नाही. खांद्यावर किंवा छातीवर बिल्ला हवा, शिटी हवी. काळा टी-शर्ट, काळा गॉगल आणि रात्री नऊ वाजताही तो डोळ्यांवरच, हे कलम कोणी घातलं, देव जाणे.

पण खरी गंमत गणवेशात नाही, पासात आहे. तिकीट काढलेला माणूस उन्हात रांगेत उभा राहतो, हात वर करतो, गोल फिरतो, मोबाइलचं कव्हरसुद्धा काढून दाखवतो. आणि शेजारच्या गेटने एक पांढरी गाडी येते. काच अर्धी खाली होते, आतून दोन बोटं हलतात, गाडी आत. त्या गाडीतल्या चिल्लरचं काय, हा प्रश्न विचारायचा नसतो. नागपुरात सगळ्यात दणकट पास कागदाचा नसतो. "ओळखलं नाही का?" हाच पास. तो मानेच्या एका विशिष्ट कोनात दाखवावा लागतो. आणि ज्याला हे म्हणता येत नाही, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखा, संशयित तोच.

आता ऐका ती गोष्ट, जिच्यासाठी तुम्हाला एवढं जवळ बोलावलं. फेब्रुवारी २०२५. इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यासाठी भारतीय संघ नागपुरात उतरला होता. सामना सहा तारखेला. त्याआधी संघाच्या हॉटेलबाहेर एक माणूस आत जाऊ लागला आणि आपल्या पोलिसांनी त्याला धरलं. आले मोठे, सेल्फीवाले! लोक ओरडून सांगायला लागले, अहो, सोडा, तो संघातलाच आहे. कोण होता तो? रघू! म्हणजे राघवेंद्र, थ्रोडाउनवाला. दहा-बारा वर्षांहून जास्त काळ जो हातातल्या साइडआर्मने आपल्या फलंदाजांना भन्नाट वेगाचे चेंडू टाकून घडवतो, ज्याचं कौतुक खुद्द कोहलीने केलंय. २०२२च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात ॲडलेडच्या ओल्या मैदानात हातात ब्रश घेऊन जो खेळाडूंच्या बुटांचा चिखल काढत फिरला, तो. त्याला थांबवलं आमच्या नागपूरने! ओळख पटल्यावर सोडलं म्हणा, पण तोवर व्हिडिओ देशभर पोचला होता. बिचाऱ्याचा गुन्हा काय, तर चेहऱ्यावर मोठेपणा नव्हता. मान त्या विशिष्ट कोनात वळवायला तो शिकलाच नाही.

आणि याच शहरात, ५ मार्च २०१९ला, जामठ्यावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध काय झालं होतं? नाणी घेतली, बाटल्या घेतल्या, लिपस्टिका घेतल्या, सगळं चोख. आणि ऐन वेळी पाठीवर धोनीचं लाडकं नाव 'थाला' लिहिलेला एक पठ्ठ्या कुंपण ओलांडून थेट मैदानात! सुरक्षारक्षक मागे, तो पुढे आणि त्याच्यापुढे साक्षात महेंद्रसिंग धोनी. माही पळतोय, कधी सोबत्याच्या मागे लपतोय, कधी स्टंपकडे धावतोय, अख्खं स्टेडियम खिदळतंय. शेवटी धोनीनेच दमून त्याला गळाभेट दिली. कोहलीने त्या दिवशी ११६ केल्या, विजय शंकरने शेवटच्या षटकात सामना आठ धावांनी काढून दिला, भारताचा तो ५००वा एकदिवसीय विजय ठरला. पण नागपूरकराला विचारा, काय आठवतं? पकडापकडी! संघाच्या माणसाला दारात अडवणारं आणि कोणीच नसलेल्याला धोनीच्या गळ्यापर्यंत पोचवणारं गाव जगात दुसरं दाखवा, आम्ही तुम्हाला संत्रा बर्फी खिलवू.

त्या गार्डांवर तरी किती चिडायचं? त्यातला अर्धा भरणा आजूबाजूच्या गावांतल्या पोरांचा. रोजावर आलेली, सकाळपासून उभी. आपली बाटली काढून घेणाऱ्यालाही पाणी कोणी दिलेलं नसतं. सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं तोंड आपल्याकडे आणि पाठ मैदानाकडे. रोहितने षटकार मारला की आपण उड्या मारतो आणि तो आपल्या तोंडाकडे बघून अंदाज बांधतो, की चौकार होता का षटकार. आयुष्यात पहिल्यांदा भारताच्या मॅचला आलेला आणि मॅच न बघताच परत जाणारा माणूस! उर्मटपणा येणार नाही तर काय होईल? कंत्राट घेणाऱ्याने त्याला टी-शर्ट दिला. ते १६० तास कोणी दिले का?

आणि हसण्यावारी न्यायची नाही अशी एक गोष्ट आहे. २६ नोव्हेंबर १९९५. तेच सिव्हिल लाइन्सचं मैदान, तोच न्यूझीलंड. मध्यंतरात स्टँडची भिंत कोसळली. डबा घेऊन, पोरांना घेऊन मॅच बघायला गेलेली माणसं गेली, कित्येक जखमी झाली. सामना मात्र पुढे चालू राहिला. आणि ४ जून २०२५ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयाचा आनंद साजरा करायला आलेली ११ माणसं चेंगराचेंगरीत मेली. यांतला कोणीही कोणाच्या खिशातल्या नाण्याने मेला नाही. कच्ची भिंत, कुठल्या दाराने जायचं हे न सांगणारी व्यवस्था आणि हाताबाहेर गेलेली गर्दी, यांनी ते बळी घेतले. नियमावलीत 'गर्दीचं नियंत्रण' लिहिलंय ते यासाठी. आमच्या गेटवर मात्र सगळा जोर लिपस्टिकवर.

तेव्हा पुढच्या मॅचला जाल तर मुकाट्याने चिल्लर द्या, बाटली द्या, खर्ऱ्याची पन्नी तर अवश्य द्या, दात वाचतील. गोल फिरा, हात वर करा. फक्त आत जाण्याआधी त्या काळ्या टी-शर्टाला प्रेमाने एकच विचारा, "दादा, काही झालं तर बाहेर पडायचं दार कोणतं?" त्याने सांगितलं तर बिनधास्त बसा. तो दुसऱ्याकडे बघायला लागला आणि दुसरा तिसऱ्याकडे, तर आयोजकांना जाब विचारा. तिकिटात त्या उत्तराचेही पैसे भरलेत तुम्ही.