लंडनमधला खाडा

मी लंडन पाहिलेले नाही, त्यामुळे लंडनबद्दल माझी मते अत्यंत ठाम आहेत. पहिले मत असे, की आमच्या घाटनांदूरच्या पोराने शिकायला तिथे गेल्यावर भुयारी रेल्वेपुढे आ वासून उभे राहू नये. ती 1863 सालची. मुंबई-ठाणे गाडी तिच्या दहा वर्षे आधीची. ठाणे घाटनांदूरपासून बरेच लांब पडते, पण अभिमानाला अंतराचे भाडे लागत नाही. शिवाय आमचा स्वतःचा माल आहेच. निजामाच्या काळात विकाराबाद-परळी मार्ग झाला तेव्हा रूळ आमच्या गावावरून गेले. शेजारच्या अंबाजोगाईला योगेश्वरी आहे, मुकुंदराजांची समाधी आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, तहसील आहे, रेल्वे नाही. अंबाजोगाईकराला गाडी धरायची तर परळी गाठावी लागते, नाहीतर आमच्याकडे यावे लागते, आणि आला की आम्ही त्याच्याकडे ज्या नजरेने बघतो ती त्याला चांगली समजते. बीड तर जिल्ह्याचे ठिकाण, खुद्द कलेक्टरसाहेब तिथे बसतात. पण अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग 1995 ला मंजूर झाला आणि बीडकरांना पहिली प्रवासी गाडी दिसली ती 17 सप्टेंबर 2025 ला. तोवर ‘आमच्याकडे स्टेशन आहे’ हे वाक्य आम्ही पाण्याच्या, रस्त्याच्या, दहावीच्या निकालाच्या, कुठल्याही वादात शेवटचे म्हणून वापरले. त्या स्टेशनात दिवसाला गाड्या किती थांबतात, हा प्रश्न क्षुद्र वृत्तीची माणसे विचारतात. लंडनमध्ये स्टेशने पोत्याने आहेत, म्हणूनच तिथल्या माणसाला त्यातल्या एकाचाही धड गर्व करता येत नाही.

असो. मुद्दा लंडनमधल्या रविवारचा आहे. आपला विद्यार्थी मोकळा दिवस कसा घालवतो? सकाळी बिग बेन, मग बकिंगहॅम पॅलेस, मग टॉवर ब्रिज, मग लॉर्ड्सच्या फाटकाबाहेर उभा राहून फोटो. मराठी बाणा म्हणून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये वाघनखे बघायला जायचे, तर ती 2024 मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रातच आलेली. संध्याकाळी पाय सुजलेले आणि घरच्या ग्रुपवर चाळीस फोटो. माझे म्हणणे असे, की याला भटकंती म्हणत नाहीत, ही हजेरी आहे. ज्या शहरात माणूस वाट चुकला नाही, उगाच एखाद्या गल्लीत शिरला नाही, बाकावर बसून येणारी-जाणारी माणसे पाहिली नाहीत, ते शहर त्याने फक्त तपासले. मोकळ्या दिवसाचा हिशेब मागायचा नसतो. आपण मागतो, आणि पोरे बिचारी पावत्या जोडून तो सादर करतात.

ही सवय त्यांच्या आळसातून किंवा हौसेतून आलेली नाही. आमच्या जिल्ह्यात मोकळा दिवस फुकट मिळत नाही. दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसे ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांचा एक दिवस चुकला की खाडा: मजुरी तर बुडतेच, वर दंड कापला जातो. ताप आला तरी खाडा, पाळी आली तरी खाडा. बीडच्या ऊसतोड बायकांनी गर्भाशये काढून घेतल्याचे 2019 मध्ये राज्यभर गाजले, सरकारला समिती नेमावी लागली. त्यामागच्या कारणांत हा खाडाही होता. विनोदी लेखात हे वाक्य बसत नाही, याची मला कल्पना आहे. पण जिथे सुट्टीला दंड पडतो, त्या मुलखातले लेकरू टेम्सच्या काठी दोन तास नुसते बसू शकत नसेल, तर त्याला रसिकता नाही असे म्हणणाऱ्याला मी आधी एक कोयता देईन.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘कर्ज काढून पाठवलंय, ते हिंडायला का?’ तर हिंडण्याइतके स्वस्त लंडनमध्ये दुसरे काही नाही. ब्रिटिश म्युझियमला तिकीट नाही, नॅशनल गॅलरीला नाही, बागांना नाही. पैसे लागतात ते फोटोत ओळखू येणाऱ्या गोष्टींना.

दुसरा आक्षेप जड आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये एक दिवस तरी वाया घालवला का? नाही घालवला. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले होते. 1920 मध्ये ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्राची उसनवारी यांच्या जोरावर पुन्हा गेले आणि अर्धपोटी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसले. 1921 मध्ये एम.एस्सी., 1923 मध्ये डी.एस्सी. ते राहत होते ते किंग हेन्रीज रोडवरचे 10 नंबरचे घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतले. तिथे आपली पोरे हात जोडून उभी राहतात, ते योग्यच. पण उपासमार ही बाबासाहेबांची अभ्यासपद्धती नव्हती, ती त्यांच्यावर लादलेली अडचण होती. ती आदर्श म्हणून पुढच्या पिढीच्या गळ्यात अडकवणे हा भरल्या पोटाचा उद्योग आहे. आणि पुरावाच हवा तर हा घ्या: व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते हाती आल्यावर त्याच माणसाने कारखान्यातल्या कामगारांसाठी पगारी सुट्टीचे विधेयक आणले, आणि 1946 मध्ये आठवड्याचे काम 54 तासांवरून 48 वर आले. ज्याला स्वतःला मोकळा दिवस मिळाला नाही, त्याने तो दुसऱ्यांसाठी कायद्यात लिहून ठेवला. उसाच्या फडापर्यंत तो अजून पोचलेला नाही, निदान लंडनच्या बाकापर्यंत पोचताना तरी आपण त्याला अडवू नये.

तेव्हा रविवारी रात्री लेकराचा फोन आला आणि ते म्हणाले, ‘काही नाही पाहिलं, नुसतं हिंडलो,’ तर ‘जेवलास का?’ एवढेच विचारावे. गुणपत्रिकेचा हिशेब मात्र पैसान्‌पैसा घ्यावा. त्या बाबतीत मी अजिबात उदार नाही. गावात मिरवायला मलाही काहीतरी लागतेच.