चहा व्यवस्था समिती (स्थायी)

ज्या निमसरकारी कार्यालयात हा प्रकार घडला, त्याचं नाव सांगत नाही. माझे पेन्शनचे कागद अजून तिथूनच हलतात.

बदली होऊन तिथे रुजू झालो तेव्हा माझ्याजवळ दोन गोष्टी होत्या: स्टीलचा डबा आणि व्यवस्थापनशास्त्राची पदविका. पदविका टपालाने मिळवलेली होती, डबा घरचा होता. डबा जास्त उपयोगी पडला.

साहेबांच्या केबिनबाहेर कार्यालयाचा तक्ता फ्रेम करून लावलेला होता. वर एक चौकोन, त्याखाली तीन, त्याखाली नऊ आणि सगळ्यांना जोडणाऱ्या सरळ रेघा. मी दुसऱ्या ओळीत होतो. येताजाता त्या चौकोनाकडे एक नजर टाकल्याशिवाय मला करमत नसे. तळाशी ‘इतर’ नावाचा एक चौकोन होता. त्यात मामा होते. मामा म्हणजे आमचे शिपाई.

माझ्या डोक्यावरचा पंखा दर फेऱ्याला ‘कट्’ करायचा. मी रीतसर टिपणी लिहिली. ती आस्थापनेकडून भांडाराकडे गेली, भांडाराकडून लेख्याकडे, तिथून साहेबांकडे आणि साहेबांकडून माझ्याकडे परत आली. समासात चार शेरे होते. पहिला ‘पूर्वपीठिका जोडावी’, दुसरा ‘तरतूद तपासावी’, तिसरा ‘मुद्दा क्र. ३ स्पष्ट करावा’. माझ्या टिपणीत मुद्दे दोनच होते. चौथा शेरा साहेबांचा: ‘चर्चा करावी’. चर्चा करायला गेलो तर साहेब दौऱ्यावर.

सातव्या आठवड्यात मामा चहा ठेवता ठेवता वर बघून म्हणाले, “सायेब, हे मला का नाही सांगितलं?” दहा मिनिटांत मागच्या इमारतीतला वायरमन शिडी घेऊन हजर. तो मामांच्या भिशीत होता. पंखा गप्प झाला. फाइल मात्र पुढेही वर्षभर फिरत होती. तिला कुणी थांबवलं नाही, कारण तिला थांबवायलाही टिपणी लागली असती.

इथे शहाण्या माणसाने मामांना नमस्कार केला असता. मला पदविकेतला धडा आठवला.

शिकागोजवळ हॉथॉर्न नावाचा टेलिफोनच्या सामग्रीचा कारखाना होता. तिथे १९२४ ते १९३२ या काळात संशोधकांनी कामगारांचा अभ्यास केला. शेवटी १४ जणांना वेगळ्या खोलीत बसवलं: तारा जोडणारे नऊ, डाख देणारे तीन, तपासनीस दोन. सगळ्यांनी मिळून जितकं जास्त काम काढावं, तितके पैसे जास्त. पण या मंडळींनी आपसातच ठरवून टाकलं होतं, दिवसाला दोन संच, बास. कुणी जास्त हात चालवू लागला की शेजारचा त्याच्या दंडावर एक गुद्दा ठेवून द्यायचा. कंपनीच्या तक्त्यात या गुद्द्याला कुठेच जागा नव्हती, पण काम चालायचं ते त्याच्या हुकमाने. पुढे १९३८ मध्ये चेस्टर बर्नार्ड या टेलिफोन कंपनीच्या अध्यक्षानेच पुस्तकात लिहिलं की औपचारिक संघटनेच्या पोटात अनौपचारिक संघटना असते आणि तिच्यावाचून पहिलीचं पान हलत नाही. या प्रश्नाला मला दहापैकी आठ मार्क पडले होते. उरलेले दोन कशाचे होते ते मला नंतर कळलं.

तर मी आमची अनौपचारिक संघटना शोधायला निघालो. ती मागच्या व्हरांड्यात, स्टोव्हभोवती सापडली. सकाळी अकराला आणि दुपारी चारला तिथे लेख्याचा बिल क्लार्क, भांडारपाल, टंकलेखिका बाई आणि ड्रायव्हर जमत. मामा ज्या क्रमाने कप हातात देत, तोच तिथला सेवाज्येष्ठतेचा तक्ता. पहिला कप बिल क्लार्कला, दुसरा बाईंना. मी सातवा होतो, ड्रायव्हरनंतर. फुर्र करून एक घोट घेत भांडारपाल विचारी, “त्या खुर्च्यांच्या बिलात काय अडलंय?” बिल क्लार्क म्हणे, “पावतीवर तारीख नाही.” “आणून देतो.” झालं! कागदावर याला तीन आठवडे लागले असते.

मला वाटलं, एवढी गुणी व्यवस्था बिचारी वाऱ्यावर आहे, हिला अधिष्ठान दिलं पाहिजे. मी कार्यालयीन आदेश काढला. ‘चहा व्यवस्था समिती (स्थायी)’: अध्यक्ष मी, सदस्य सचिव मामा. वेळ, वर्गणी, नोंदवही, खरेदीची पद्धत, सगळं त्यात होतं. चहा प्रत्येकी ९० मिलिलिटर, हेही मीच लिहिलं. साहेबांनी न वाचता सही केली. जावक क्रमांक पडला. मामांनी आदेश घेतला, पोच दिली आणि म्हणाले, “लई भारी काढलाय, सायेब.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मामा माझ्या टेबलाशी आले. त्यांच्या हातात खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण होतं, दहा मिलिलिटरचं. किटलीतून ते झाकणात ओतायचं, झाकण माझ्या कपात रिकामं करायचं, असं त्यांनी नऊ वेळा केलं. मोठ्याने मोजत. सगळं कार्यालय बघत होतं. शिकागोचा गुद्दा परवडला असता.

चौथ्या दिवशी मामांची टिपणी आली: आलं संपलं आहे, आदेशातील कलम ५ नुसार तीन दरपत्रके मागवण्यास मंजुरी मिळावी. आल्याची दरपत्रकं! मंडईत भाजीवाल्या बाईंकडे लेटरहेड नव्हतं. बिनआल्याचा चहा व्हरांड्यात उभं राहून कोण पिणार? जो तो आपल्या टेबलावर ९० मिलिलिटर पिऊ लागला. व्हरांडा रिकामा झाला. आता भांडारपालाला जे विचारायचं ते तो फाइलवर विचारू लागला आणि बिल क्लार्क फाइलवरच उत्तर देऊ लागला. कुणी कामचुकारपणा करत नव्हतं. उलट तक्त्यात जसं दाखवलं होतं, तसं कार्यालय पहिल्यांदाच चालत होतं.

आणि महिना होता मार्च.

मार्चअखेर म्हणजे काय, ते कार्यालयात बसलेल्यालाच कळतं. एकतीस तारखेपर्यंत बिलं निघाली नाहीत तर निधी गेला. वीस तारखेला लेखा शाखेत फाइलींचा ढीग बिल क्लार्कच्या नाकापर्यंत आला होता. त्याच्या बुडाशी माझं स्वतःचं प्रवासभत्त्याचं बिल होतं. साहेबांनी बोलावून विचारलं, “हे काय चाललंय?” मी म्हणालो, “सर, सुसूत्रीकरण.” मग आदेश रद्द करण्याची टिपणी ठेवली. ती पाच टेबलं फिरून आली. शेरा होता: ‘चर्चा करावी’.

बावीस तारखेला मी घरून निघताना कोपऱ्यावरून पाव किलो आलं घेतलं आणि मागच्या व्हरांड्यात मामांपुढे ठेवलं. काय बोलावं ते सुचेना. मामांनी पुडी सोडली, आलं खलात घातलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “बसा सायेब. कप कमी आहेत, थोडं थांबावं लागंल.” त्या दिवशी मला शेवटचा कप मिळाला, कान तुटलेला. त्यात किती मिलिलिटर होते, मोजलं नाही. एकतीसच्या संध्याकाळपर्यंत सगळी बिलं निघाली. माझंही.

पुढे माझी बदली झाली. तीही मला मामांकडूनच कळली, आदेश टपालात पडायच्या दहा दिवस आधी.

परवा पेन्शनच्या कामासाठी तिथे गेलो होतो. तो आदेश अजून रद्द झालेला नाही. कागदोपत्री चहा समितीचा अध्यक्ष मीच आहे आणि आल्याची तीन दरपत्रकं अप्राप्त आहेत.