चार फासे, दोन गाद्या

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला बसलं की जादूगार व्हायला प्रत्येकजण तयार. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला फायटर उरतो, पंगतीत शेवटी बसणाऱ्याच्या पानात वरणाचं फक्त पाणी यावं तसा. देवासच्या माझ्या भाच्यानंही मला वेळ न घालवता सांगून टाकलं, "मामा, तुम्ही तलवार घ्या." वयाचा मान एवढाच.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी हा खेळ बाजारात आणला. फायटरनं वीस बाजूंचा फासा टाकायचा, वार लागला तर लागला, ही त्याची जुनी कहाणी. २०१४ च्या आवृत्तीत मात्र त्याला 'बॅटल मास्टर' होता येतं. तिसऱ्या पातळीवर तीन डावपेच निवडायचे आणि ते वापरायला आठ बाजूंचे चार फासे. शत्रूला पाडा, त्याचं हत्यार उडवा, डिवचून स्वतःकडे ओढा, हुलकावणी द्या. फासे संपले की थोडी विश्रांती घेईपर्यंत तुम्ही पुन्हा साधे तलवारबाज. म्हणजे खरं कसब डाव माहीत असण्यात नाही, तो कुठे खर्चायचा हे कळण्यात आहे. मी चारही फासे पहिल्याच भुतावर उधळले. भाचा फक्त हसला.

ही काटकसर देवासच्या माळव्याला नवी नाही. नोव्हेंबर १७२८ मध्ये माळव्याचा मुघल सुभेदार गिरधर बहादूर आणि त्याचा चुलतभाऊ दया बहादूर धारजवळच्या अमझेऱ्याला भक्कम मोर्चे बांधून बसले होते. चिमाजी अप्पा, उदाजी पवार आणि मल्हारराव होळकर मांडवगडाजवळच्या घाटानं वर चढले आणि भलत्याच बाजूनं येऊन धडकले. २९ तारखेला दोघेही भाऊ पडले. हुलकावणीला फासा कसा टाकावा, याचा हा पाठ. मोर्चे कितीही भक्कम असोत, त्यांचं तोंड एकाच दिशेला असतं.

पण मला त्याहून अवघड डाव देवासचा वाटतो. तुकोजी आणि जिवाजी पवार या दोघा भावांनी एकाच गावात दोन गाद्या मांडल्या. थोरली पाती, धाकटी पाती, दोघांचे वाडे निराळे, कारभार निराळा. १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता. त्या दिवसांवर त्यानं पुढे १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक लिहिलं. दोनशेहून जास्त वर्षं, १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत, दोन राजे एका गावात नांदले. कुरबुरी होत असतील, पण भावकीत त्याला कोण लढाई म्हणतं?

बॅटल मास्टरकडे एक डाव असा आहे की आपला एक वार सोडायचा आणि सोबत्याला मारायची संधी द्यायची. नवखे तो घेत नाहीत, कारण श्रेय दुसऱ्याला जातं. माझ्या मते सगळ्यांत मोठा डाव हाच. फायटर वाट्याला आला तर कुरकुरू नका, पहिला डाव हाच निवडा. आणि देवासच्या टेकडीवर गेलात तर तुळजाभवानी आणि चामुंडा, मोठी माता आणि छोटी माता, दोघींचंही दर्शन घ्या. एकीलाच भेटून परत येऊ नये.