काळोबाची इडापिडा

गोल्डफिश हा दिसायला इतका भोळसट मासा आहे, की त्याच्यावर संशय घ्यायला कुणी धजत नाही. दंतवैद्य वेटिंग रूममध्ये त्याला ठेवतात ते पेशंटला धीर यावा म्हणून. फुगीर गालांचा, सतत काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखं तोंड उघडझाप करणारा हा प्राणी दादागिरी करतो, अशी तक्रार पोलिसांत नेली तर हवालदार आपल्यालाच बाकावर बसवून ठेवील.

डोंबिवलीच्या आमच्या घरात ती दादागिरी दिवसाढवळ्या चालत होती. फिश टँक आत्याच्या आग्रहामुळे आला. फेंगशुईत म्हणे आठ सोनेरी आणि एक काळा, असे नऊ मासे लागतात. आठांनी लक्ष्मी आणायची आणि काळ्याने घरावर येणारी इडापिडा स्वतःच्या अंगावर घ्यायची, अशी कामाची वाटणी. दुकानदाराला रंगाशी मतलब होता, स्वभावाशी नव्हता. त्याने चार कॉमेट दिले: सडपातळ, लांब शेपटीचे, सुसाट. दोन फॅनटेल आणि दोन ओरांडा दिले: गोल पोटाचे, दोन हात मारले की दमणारे. काळा म्हणून ब्लॅक मूर दिला. याचे डोळे बटणांसारखे बाहेर आलेले, आणि एवढे मोठे डोळे असूनही त्याला दिसतं बेताचंच. मुलीने त्याचं नाव काळोबा ठेवलं. कॉमेटांच्या म्होरक्याचं राजे आणि गुबगुबीत फॅनटेलचं शेवंती.

दाणे टाकले की राजे आणि मंडळी वर झेपावत. काळोबाला दाणे पडल्याचा पत्ता लागेपर्यंत पंगत उठलेली असे. गोल्डफिशला जठरच नसतं, पण खायला तो सदा तयार. दाणे संपले की राजे काळोबाच्या मागे लागत, त्याला कोपऱ्यात रेटत, शेपटी ओढत. शेपटीच्या पार झिरमिळ्या झाल्या.

बायको हळहळली. आई मात्र शांत होती. “त्याचं कामच आहे ते. इडापिडा घेतोय अंगावर.” त्याच सुमारास माझी नागपूरला होऊ घातलेली बदली टळली, आणि त्याचं श्रेय काळोबाच्या फाटक्या शेपटीला मिळालं. त्यानंतर घरात काळोबाला कुणी वाचवायला गेलं, की आई अशा काही नजरेने बघायची की जणू आम्ही विम्याचा हप्ता बुडवतोय.

मी मात्र वाचन सुरू केलं. लहानपणी ‘दात घशात घालीन’ ही धमकी पुष्कळ ऐकली होती. गोल्डफिशला ती देऊन उपयोग नाही, कारण त्याचे दात मुळातच घशात असतात. जबडा बोडका. त्यामुळे तो लचका तोडत नाही, नुसता ढुशा मारतो, चोखतो, कुरतडतो. एका घावात काम तमाम करण्याऐवजी आठवडाभर छळतो. हे वाचून बायको म्हणाली, “म्हणजे ऑफिससारखंच.”

खरा धक्का पाण्याच्या हिशेबाने दिला. मासे पाळणाऱ्यांचा ढोबळ नियम असा, की पहिल्या गोल्डफिशला पंचाहत्तर लिटर पाणी आणि पुढच्या प्रत्येकाला चाळीसेक. नऊ माशांचे झाले 395 लिटर. आमचा टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरला तरी 56 लिटर. एकट्या काळोबालाही तो अपुरा होता, आणि आम्ही तिथे नऊ बिऱ्हाडं वसवली होती. एवढा एफएसआय आमच्या बिल्डरलाही मिळाला नव्हता. त्यात हे मासे खादाड. त्यांच्या अंगातून निघणारा अमोनिया, तोही बराचसा कल्ल्यांवाटे, त्याच पाण्यात साचतो आणि कल्ल्यांना झोंबतो. झोंबणाऱ्या पाण्यात, शेजाऱ्याच्या शेपटीखाली, अर्धपोटी कोण कुणाशी गोड बोलणार?

पण गर्दी हे कारण कुणालाच आवडत नाही. घराघरांत दोषी लागतो. शेजारच्या काकांनी राजेंकडे बोट दाखवलं आणि त्यांना बादलीत टाकायला सांगितलं. “तीन सेकंदांची मेमरी असते हो. परत सोडाल तेव्हा सगळं विसरलेला असेल.” ही तीन सेकंदांची गोष्ट कुणी पसरवली कोण जाणे. गोल्डफिशला कितीतरी महिने आठवतं. 2022 साली इस्रायलच्या बेन गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी गोल्डफिशना चाकांवरचा पाण्याचा टँक चालवायला शिकवलं. मासा ज्या दिशेला पोहेल त्या दिशेला गाडी जायची, आणि ते मासे नेमून दिलेल्या खुणेपर्यंत बरोबर पोहोचत. मानपाडा रोडवर एवढं जमणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

तरी राजे बाथरूममधल्या बादलीत गेले. सोबत हवेचा छोटा पंप गेला आणि आंघोळीला आम्ही तांब्या-घंगाळावर आलो. इकडे टँकमध्ये शांतता नांदेल असं वाटलं होतं. दोन नंबरच्या कॉमेटने त्याच संध्याकाळी पदभार स्वीकारला. राजे परत आले ते थेट काळोबाच्या शेपटीशी. पत्ता विसरले नव्हते.

मग काकांनी टँकमधला किल्ला आणि प्लॅस्टिकची झुडपं हलवायला सांगितली, म्हणजे हद्दी पुसल्या जातील. हा उपाय खरा, पण तो सिक्लिडसारख्या माशांचा. ते आपला दगड, आपली गुहा धरून बसतात. गोल्डफिशला हद्द नसतेच. त्याला सगळा टँक आपला वाटतो, दुसऱ्याच्या तोंडातला दाणासुद्धा. किल्ला मात्र आता टीव्हीकडे तोंड करून छान दिसतो.

थंडी सरता सरता राजेंच्या कल्ल्यांच्या झाकणांवर पांढरे ठिपके उमटले. दुकानदाराने फोनवरच रोग ओळखला आणि औषध घेऊन जायला सांगितलं. मुलगी टँकला नाक लावून बसली होती. ती म्हणाली, “बाबा, ठिपके फक्त गालांवर आणि पुढच्या परांच्या कडेला आहेत. रोग असता तर अंगभर मीठ भुरभुरल्यासारखे दिसले असते.” ती बरोबर होती. नर वयात आला आणि हंगाम आला की असे ठिपके येतात. आणि मग तो मादीचा पाठलाग करतो, तिच्या पोटाला ढुशा देतो, तिला झुडपांत रेटतो. राजे हल्ली शेवंतीच्या मागे होते. आम्ही त्यालाही मारामारीच समजत होतो.

आईचं मत तरीही बदललं नाही. “हे असं वागतात का मुलीकडच्यांशी?”

शेवंतीने पहाटे अंडी घातली. साबुदाण्याहून बारीक, झुडपांना चिकटलेली. घरातली माणसं चहा घेऊन टँकशी जमेपर्यंत सगळ्यांनी मिळून ती खाऊन टाकली होती. राजेंनी खाल्ली, शेवंतीनेही खाल्ली. काळोबालाही चार सापडली असावीत. नऊ जणांनी एकोप्याने केलेलं ते एकमेव काम.

इतकं झाल्यावर आईने तोडगा काढला: कॉमेट गणपतीच्या तलावात सोडून द्यायचे. तिला अमेरिकेतल्या बर्न्सव्हिलची हकिगत सांगितली. तिथल्या तळ्यात लोकांनी सोडलेले गोल्डफिश फुटबॉलएवढे झाले आणि तळाचा गाळ ढवळून पाणी नासवू लागले, तेव्हा 2021 साली गावाच्या प्रशासनाने लोकांना हात जोडले, की बाबांनो, पाळलेले मासे तलावात सोडू नका. आईने फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “एवढा होतो हा? मग आपल्याकडे का वाढला नाही?”

शेवटी ऑफिसमधल्या एका मित्राने चारही कॉमेट नेले. बदलापूरला त्याच्या अंगणात जुनी सिमेंटची मोठी टाकी आहे, ऐसपैस. आमच्याकडे सोफा हलवून चार फुटी टँक आला, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. 255 लिटर. पाच जणांना नियमाने 235 लागतात, म्हणजे इतिहासात प्रथमच पाणी उरलं. बुडणारे दाणे आम्ही दोन टोकांना टाकतो. काळोबाची शेपटी हळूहळू भरून आली.

परवा त्याच्या कल्ल्यांवर पांढरे ठिपके दिसले आणि संध्याकाळी तो शेवंतीच्या मागे सुटला. अंदाजाने धावतो, त्यामुळे निम्मा पाठलाग किल्ल्याचाच होतो. आई कौतुकाने बघत होती. राजेंना गुंड म्हणणारी बाई म्हणाली, “असू दे. वय आहे त्याचं.”

तेवढ्यात आत्याचा फोन आला. तिच्या कानावर काहीतरी गेलं होतं. टँकमध्ये मासे नऊ आहेत ना, नाहीतर सगळं फुकट, असं ती विचारत होती. आईने आमच्याकडे पाठ फिरवली.

“नऊच आहेत हो, वन्सं. चौघं तेवढे बदलापूरला राहायला गेलेत. इथे जागा पुरेना.”